हॅक्सॉ रिज: बंदुकीला हात न लावणारा सैनिक, आणि गोळ्या तपासणारा मी

मी ३६ वर्षं बंदुकीच्या गोळ्या तपासल्या. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत १९८६ साली लागलो, २०२२ साली निवृत्त झालो, आता भुसावळला राहतो. फॅक्टरीच्या आतलं काही लिहिण्याचं कारण नाही आणि मी लिहिणारही नाही. एवढंच सांगतो की काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळेची केस, तिच्या बुडाला प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी बुलेट. त्यातली केस मी जन्मभर पाहिली. ओरखडा आहे का, चेपलीय का, तोंडाशी चीर आहे का. चांगलं पितळ फरशीवर पडलं तर खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. झोपेतून उठवून कुणी माझ्या कानाशी दोन केसा वाजवल्या तरी मी सांगेन चांगली कुठली ते.

हे आधी सांगितलं, कारण मी ज्या सिनेमाबद्दल लिहायला बसलोय तो युद्धात जाऊनही बंदुकीला हात न लावणाऱ्या सैनिकाचा आहे. मुलगा मे महिन्यात चार दिवस आला होता. जाताना टीव्हीवर ‘हॅक्सॉ रिज’ लावून दिला आणि म्हणाला, पप्पा, हा तुम्ही बघाच. त्याच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. बाहेर ४५ अंश, खिडकीत कूलर घरघरतोय, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि मी आणि बायको दुपारची जेवणं करून बसलो. सव्वादोन तासांहून थोडा मोठा सिनेमा आहे. त्या दिवशी आम्हाला तो पुरा व्हायला रात्र झाली, त्याचं कारण पुढे येईल.

सिनेमा २०१६ चा. दिग्दर्शक मेल गिब्सन, नायकाच्या कामात अँड्र्यू गारफिल्ड. गोष्ट खरी आहे. डेस्मंड डॉस नावाचा माणूस, जन्म १९१९ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्गचा. शनिवार पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातला. घरातल्या भिंतीवर दहा आज्ञांचं चित्र टांगलेलं आणि त्यात एका भावाने दुसऱ्या भावाला मारल्याचा देखावा. लहानपणी भांडणात तो स्वतःच्या भावाच्या डोक्यात वीट घालतो आणि मग त्या चित्रासमोर उभा राहतो. पोराच्या चेहऱ्यावरची ती भीती कॅमेऱ्याने छान धरली आहे. मोठा झाल्यावर दुसरं महायुद्ध पेटतं आणि तो फौजेत नाव घालतो, पण सांगतो की मी मारणार नाही, बंदूक शिवणार नाही, मला जखमी माणसांची शुश्रूषा करायला ठेवा.

इथे एक गोष्ट माझ्या छातीत रुतली. तो युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला होता. तसं काम असलेल्याला भरतीतून सूट मिळत असे, त्यालाही मिळाली असती. पुढे बंदूक घेत नाही म्हणून लष्करी कोर्टासमोर उभा असताना तो हे सांगतो: मी तिथेच राहू शकलो असतो, पण बाकीचे जीव द्यायला निघालेत आणि मी घरी बसायचं, हे मला पटलं नाही. प्रत्यक्षातला डॉस जहाजं बांधण्याच्या गोदीत सुतारकाम करत होता. म्हणजे जी खुर्ची तो सोडून निघाला तीच माझी. मी वयाच्या वीसाव्या वर्षी भरतीला जळगावला गेलो होतो. छाती फुगवून एक सेंटिमीटर कमी भरली. चार वर्षांनी फॅक्टरीत लागलो तेव्हा वडील म्हणाले होते, तू नाही गेलास तर तुझी गोळी तर जाईल. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या बातम्या ऐकत आम्ही ड्यूटीवर जात होतो, तेव्हा एकेक केस हातात घेताना ती कुणाच्या हातात पडणार आहे हे माझ्या डोक्यातून जात नसे. त्या कामाचा मला अभिमान होता आणि आहे. हा सिनेमा पाहून तो गेलेला नाही. उलट आपल्या कामाकडे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्या तासाचा मोठा भाग प्रशिक्षणाचा आहे. त्याच्या आधी नर्स मुलीशी प्रेम वगैरे आहे, ते ठीकच, गोड आहे आणि घाईचंही आहे. प्रशिक्षणात मात्र सिनेमा जमून येतो. सार्जंटच्या कामात विन्स वॉन आहे, त्याच्या तोंडचा मारा ऐकून बायकोने दोनदा कानाला हात लावले. बंदूक घेत नाही म्हटल्यावर बरॅकमधले सगळे त्याला भेकड ठरवतात. एका रात्री अंधारात त्याला गादीवरच बदडतात. सकाळी चेहरा सुजलेला, आणि सार्जंट विचारतो कुणी मारलं. तो कुणाचंही नाव घेत नाही.

माझी बायको अमळनेरकडची, रागात आणि मायेत तिची अहिराणीच येते. ती म्हणाली, “आते त्याले कसाले मारतस?” मी सांगितलं, तो बंदूक घेत नाही म्हणून. ती म्हणाली, “मंग तो घर कसाले जात नही?”

सिनेमाचा अर्धा भाग याच प्रश्नावर उभा आहे. घरी जाण्याची वाट त्याला वरिष्ठही दाखवतात. वेडसर ठरवून सोडून देतो म्हणतात, कोर्ट मार्शलची भीती घालतात. तो जात नाही. मारायचं नाही हे त्याचं ठरलेलं आहे, आणि सगळे जिथे मरणार आहेत तिथे जायचं हेही तितकंच ठरलेलं आहे. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात ते समजावून सांगायला दिग्दर्शकाने भाषण दिलेलं नाही. गारफिल्डचा बारीक बांधा, थोडं ओशाळं हसू आणि मान खाली घालून पण न हलता उभं राहणं, यातून ते कळतं.

त्याच्या बापाचं काम ह्यूगो वीव्हिंगने केलं आहे आणि मला सगळ्या सिनेमात अभिनय म्हणून तेच सर्वात खोल वाटलं. पहिल्या महायुद्धातून परत आलेला, सोबतचे मित्र पुरून आलेला, दारूत बुडालेला, बायकोवर हात टाकणारा. पोरांनी फौजेत जाऊ नये म्हणून तो तडफडतो, आणि तोच बाप जुना गणवेश चढवून कोर्टाबाहेर येऊन उभा राहतो, पोराला कायद्याने दिलेला हक्क आहे असं सांगणारं वरिष्ठाचं पत्र घेऊन. जुन्या गणवेशात न मावणारं ते शरीर बघून मला आमच्याकडचे निवृत्त फौजी आठवले. पंधरा ऑगस्टला ट्रंकेतून कोट काढून, डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर घेऊन झेंड्याखाली ताठ उभे राहतात ते.

दुसरा अर्धा भाग ओकिनावा. मे १९४५. जपानच्या ताब्यातल्या बेटावरचा माएदा नावाचा उंच कडा, अमेरिकन सैनिकांच्या तोंडी हॅक्सॉ रिज, त्याच्यावर जाळ्या टाकून चढायचं आणि वर बंकरात बसलेल्या जपानी सैन्याशी लढायचं. इथे आवाजाबद्दल बोललं पाहिजे. या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाले, एक संकलनाचं आणि एक ध्वनिमिश्रणाचं. ध्वनीचं तर मी कानाने तपासून सांगतो की रास्त मिळालं. अमेरिकन सैनिकांच्या हातातल्या गॅरंड रायफलीत आठ गोळ्यांची क्लिप असते, आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टण्णकन वर उडते. तो टण्ण ऐकू येतो. कॅलिबर आमचंच, ७.६२, फक्त त्यांची केस आमच्यापेक्षा लांब. आणि धूर, किंकाळ्या, स्फोट यांच्या खालून दगडावर पडणाऱ्या केसांची खणखण येत राहते. कूलरच्या घरघरीतसुद्धा मला ती ऐकू आली. ३६ वर्षं मी ती खणखण गोळीच्या फक्त सुरुवातीला ऐकली होती. गोळी सुटून गेल्यावर रिकामी केस जमिनीवर पडते तेव्हा समोर काय झालेलं असतं, ते माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

पण याच भागात माझी सर्वात मोठी तक्रारही आहे. पोटातली आतडी, तुटलेले पाय, प्रेतांवरचे उंदीर, हे एकदा दाखवलं तर समजू शकतो. न मारणाऱ्या माणसाची किंमत कळायला मारणं किती भयंकर आहे ते दिसायलाच हवं. मात्र एक सैनिक अर्धं तुटलेलं प्रेत एका हाताने ढालीसारखं पुढे धरून दुसऱ्या हाताने गोळ्या झाडत सुटतो, तिथे दिग्दर्शकाचं भान सुटलं. तिथे त्याला मजा यायला लागली. ज्याच्यावर सिनेमा काढला त्या माणसाला हा प्रसंग दाखवला असता तर त्याने मान फिरवली असती असं मला वाटतं. मुलांना घेऊन बसणार असाल तर चढाईचा हा पाऊण तास लक्षात ठेवा. सहावी-सातवीतल्या पोराला मी हा दाखवणार नाही.

आता दोराचं. पहिल्या चढाईनंतर अमेरिकन तुकडीला कडा सोडून खाली पळावं लागतं. वर जखमी तसेच पडलेले. डॉस एकटा वर थांबतो. अंधारात रांगत एकेकाला शोधतो, ओढत कड्याच्या टोकाशी आणतो आणि दोराने खाली सोडतो. प्रशिक्षणात गाठी शिकताना त्याच्या हातून चुकून दुहेरी फासाची गाठ पडलेली असते आणि सार्जंट त्यावरून त्याची टर उडवतो. तीच गाठ इथे येते. दोन फासांत दोन पाय, छातीभोवती एक वेढा, आणि बेशुद्ध माणूससुद्धा निसटत नाही. दोर हातातून सरकतो, तळहात सोलून निघतात, रक्ताने दोर निसरडा होतो. दर वेळी तो देवाकडे आणखी एकच माणूस मागतो, आणि पुन्हा मागे वळतो.

तिसरा की चौथा माणूस खाली जात होता आणि आमच्याकडची वीज गेली.

कूलर बंद, टीव्ही काळा. दुपारचे साडेतीन. मी उठलो, मागच्या अंगणातला कपडे वाळत घालायचा जादा दोर घेतला आणि खिडकीपाशी बसून गजाला ती गाठ घालायचा प्रयत्न करत राहिलो. दोर आधी दुहेरी करायचा, मग साध्या न सरकणाऱ्या फासासारखंच टोक खालून वर काढून मागून फिरवून परत आत. पाच वेळा सुटली. सहाव्या वेळी बसली. दोन्ही फास हातात धरून जोरात ओढले, हलले नाहीत. बायको विचारत होती काय चाललंय, आणि मला तिला सांगायला शब्द सुचेना, कारण माझ्यासमोर आमच्या गावची विहीर उभी राहिली होती.

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. १९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांचा. सगळेच विहिरी खोल करत होते. शेजारच्या मळ्यात गाळ काढताना कडेचा दगड निसटला आणि खाली काम करणाऱ्या एका मजुराच्या मांडीवर पडला. पाय मोडला. तो वर चढू शकेना. काखेत दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला तर तो ओरडून शुद्ध हरपायचा आणि हात वर होऊन फासातून सुटायचा. मग वडील स्वतः खाली उतरले. मोटेचा जुना नाडा होता तो त्याच्या दोन्ही मांड्यांतून घेतला, छातीला वेढा दिला, आणि वर येऊन चौघांबरोबर ओढायला लागले. गाठ कुठली घातली ते मला माहीत नाही, हीच असेल असं म्हणत नाही. मला आठवतात ते त्यांचे हात. संध्याकाळी तळहाताची साल निघून लोंबत होती. आईने तेल-हळद लावून फडकं बांधलं आणि वरणात कळण्याची भाकरी चुरून घास भरवले. दोन दिवस भरवले. आम्ही भावंडं बघत बसलो होतो, बापाला लहान मुलासारखं जेवताना. तो मजूर जगला. पुढे लंगडत का होईना पण केळीच्या बागेत कामाला येत होता, दिवाळीला आमच्या घरी फराळाला बसायचा.

वीज रात्री साडेआठला आली. आम्ही उरलेला सिनेमा पाहिला.

उरलेल्या भागात एक छोटा प्रसंग आहे, एखाद-दोन मिनिटांचा असेल. शत्रूपासून लपत डॉस जमिनीखालच्या बोगद्यात शिरतो आणि तिथे एका जखमी जपानी सैनिकासमोर येतो. दोघेही घाबरलेले. डॉस त्याला मॉर्फिनचं इंजेक्शन देतो, पट्टी बांधतो आणि पुढे जातो. पुढे खाली छावणीत कळतं की वरून दोराने आलेल्यांत जपानीही होते.

हा प्रसंग पाहताना मला विनोबांची आठवण झाली, आणि आपल्या खानदेशातल्या माणसाला ती व्हावीच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अशी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि आपल्या अमळनेरच्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात प्रश्न असा की अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं ती अहिंसा होती का. विनोबा नाही म्हणतात. ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. त्याने शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेली असते, आणि एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून समोर येतो, तेव्हा त्याला एकदम फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागते. अर्जुनाचंही तसंच. समोर आपले दिसले म्हणून हात थरथरला. तो मोह.

मी हे तरुणपणी वाचलं होतं तेव्हा मला पटलं, पण पुढचा प्रश्न तसाच राहिला होता. मोह नसलेला नकार कसा दिसतो? बोगद्यातल्या त्या दोन मिनिटांत मला तो दिसला. समोर आपला नाही, परका आहे, ज्याच्या माणसांनी आत्ताच आपले मित्र चिरडलेत तो आहे, आणि हा सुई काढतो. अर्जुनाच्या बाबतीत जो निकष विनोबांनी लावला तो याला लावा, हा उतरतो. एवढा मोलाचा प्रसंग दिग्दर्शकाने इतक्या घाईत उरकला याचं मला अजून वाईट वाटतं. प्रेताच्या ढालीला दिलेला वेळ इथे द्यायला हवा होता.

दुसरी एक जागा अशीच. डॉस शेवटी जखमी सार्जंटला वाचवतो तेव्हा जमिनीवर पडलेली रायफल उचलतो. सार्जंटला वाटतं, घेतली बाबा एकदाची. पण तो ती कापडात गुंडाळतो आणि तिचा दांडा करून सार्जंटला ओढायला लागतो. सार्जंट मात्र ओढला जाताना मागे गोळ्या झाडत असतो, आणि त्या गोळ्यांमुळेच दोघे कड्यापर्यंत पोचतात. सिनेमा यावर काही बोलत नाही, पण दाखवतो, आणि मला ते प्रामाणिक वाटलं. डॉस बंदूक धरत नव्हता, तरी त्याच्या आजूबाजूच्या बंदुकांनी त्याला अनेकदा वाचवलं. तो कधी असं म्हणत नाही की तुम्ही पापी आणि मी शुद्ध. फक्त स्वतःपुरतं सांगतो.

आमच्या सेक्शनला एक बुवा होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाण्यावर राहणारे, आषाढीला मुक्ताईनगरहून मुक्ताबाईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारे. ते गोळ्याच बनवत होते. त्यांना नव्या पोरांनी कधी टोचून विचारलं, बुवा, मुंगी मारत नाही आणि हे काय करता, तर ते चिडत नसत. म्हणायचे, जग आग झालं तर आपण पाणी व्हावं असं मुक्ताईने सांगितलंय, मला अजून जमलेलं नाही, म्हणून दर वर्षी चालत जातो. एकादशीला त्यांची रात्रपाळी आली तर आमच्यातला कुणी ना कुणी बदलून घ्यायचा. सिनेमात शेवटी शनिवार येतो, डॉसचा प्रार्थनेचा दिवस. ज्याला भेकड म्हणत गादीवर बदडलं त्याच्यासाठी सगळी तुकडी चढाई थांबवून उभी राहते, त्याची प्रार्थना होईपर्यंत. हे खरोखर घडलं होतं. मला तिथे आमचं पाळ्या बदलण्याचं रजिस्टर आठवलं.

खऱ्या गोष्टीशी ताडून पाहिलं तर सिनेमाने बरंच गाळलं आहे आणि काही बदललं आहे. पाहून तुम्हाला वाटेल की ओकिनावा ही डॉसची पहिलीच लढाई. तसं नाही. त्याआधी तो ग्वाम बेटावर आणि फिलिपिन्समधल्या लेते बेटावर हेच काम करून आला होता आणि त्याला पदकही मिळालं होतं. तुकडीचा विश्वास एका रात्रीत बसला नव्हता, त्याला महिने लागले होते, आणि ते दाखवलं असतं तर शेवटचा शनिवार आणखी खरा वाटला असता. सिनेमात डॉस बापावर बंदूक रोखतो, तो प्रसंगही प्रत्यक्षात वेगळा होता. भांडणात आईने बापाच्या हातची बंदूक काढून घेतली आणि पोराकडे लपवायला दिली. तेवढं पुरेसं होतं की. आईच्या हातातून आलेली बंदूक लपवायला धावणारा पोरगा, याहून जास्त काय हवं होतं?

आणि सगळ्यात नवल म्हणजे जे अविश्वसनीय वाटेल ते सिनेमाने दाखवलंच नाही. हातबॉम्बने पाय फाटल्यावर डॉस पाच तास पडून राहिला. स्ट्रेचर आलं, त्यावरून नेताना वाटेत आपल्यापेक्षा जास्त जखमी माणूस दिसला तर स्वतः उतरून त्याला ते देऊ केलं. परत वाट बघताना गोळी लागून हात मोडला, तर रायफलीचा दस्ता हाताला फळीसारखा बांधला आणि ३०० यार्ड रांगत दवाखान्याच्या तंबूपर्यंत गेला. हे त्याला पुढे मिळालेल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या सरकारी मानपत्रात लिहिलेलं आहे. याऐवजी सिनेमात स्ट्रेचर आभाळात तरंगताना दाखवलंय, जणू तो स्वर्गात चाललाय. मला ते नको होतं. रायफलीचा दस्ता हाताला बांधून रांगणारा माणूस मला पाहायचा होता.

बोगद्यातला तो एक सोडला तर जपानी सैनिकांना चेहरे नाहीत, हीही माझी तक्रार आहे. बेटावरची साधी माणसं तर सिनेमात जवळजवळ नाहीतच. ओकिनावाच्या त्या लढाईत तिथले लाखाच्या आसपास रहिवासी मेले असं मानलं जातं. आज त्या बेटावर १९९५ साली उभारलेलं एक स्मारक आहे, काळ्या दगडाच्या भिंतींवर मेलेल्यांची नावं कोरलेली, जपानी, अमेरिकन, कोरियन, सगळ्यांची, आणि सैनिकांबरोबर साध्या माणसांचीही. डॉसवरच्या सिनेमाचा शेवट तिथे झाला असता तर शोभला असता.

किती माणसं वाचवली याचा हिशेबही मला आवडला, तपासणीवाल्याला आवडणारच. फौजेचे लोक म्हणाले शंभर, डॉस म्हणाला पन्नासपेक्षा जास्त शक्यच नाही, शेवटी ७५ वर ठरलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हातून त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पुढे क्षयाने एक फुफ्फुस गेलं, बरगड्या गेल्या, कान गेले. २००६ साली तो वारला.

बघायचा असेल तर इंग्रजीतच आणि खालच्या अक्षरांसह बघा, आवाज चांगला असलेल्या टीव्हीवर. पहिला अर्धा तास संथ आहे, उठू नका. आणि मुख्य म्हणजे शेवटी नावं यायला लागली की बंद करू नका, कारण तिथे खरा डॉस येतो, म्हातारा, आणि त्याचा कॅप्टन आणि भाऊही बोलतात. डॉस एका सैनिकाची गोष्ट सांगतो. त्याच्या डोक्याच्या जखमेतून रक्त वाहून डोळ्यांवर थिजलं होतं आणि आपण आंधळे झालो असं समजून तो कण्हत होता. डॉसने आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी घेऊन त्याचे डोळे धुतले. पापण्या सुटल्या, त्याला दिसलं आणि तो हसला. डॉस म्हणतो, त्या हसण्यात मला माझं सगळं मिळालं. हे सांगताना म्हाताऱ्याचा स्वतःचा चेहरा उजळतो.

बायको पदराने डोळे पुसत होती. मी रिमोट हातात घेतला तर म्हणाली, “आखो एक डाव लावा.” मी तेवढाच भाग मागे नेऊन परत लावला.